रताळ्याचे वाण : वेलावर भुलू नका, काट्यावर तोला



रताळ्याचे पीक आपल्याकडे घरोघरचे. पण त्याचे वाण कोणते, हे फारसे कोणी विचारीत नाही. ज्वारीचे बी घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, उसाचे बेणे पारखून घेतो. रताळ्याचे मात्र शेजाऱ्याच्या शेतातले वेल कापून आणायचे आणि वरंब्यात खोचायचे, एवढाच रिवाज आहे. विचारले तर उत्तर मिळते, "तांबडे आहे" किंवा "पांढरे आहे." सालीचा रंग म्हणजे वाण नव्हे. एकाच रंगाच्या सालीची दोन रताळी एकाच दिवशी लावली, तरी एक तीन महिन्यांत भरते आणि दुसऱ्याला चार महिने लागतात. एकाचा गर पिठूळ निघतो, दुसऱ्याचा पाणचट. ज्याला बाजाराची तारीख गाठायची आहे आणि विहिरीचे पाणी मोजून वापरायचे आहे, त्याला हा फरक चांगलाच महागात पडतो.

म्हणून या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. वाणावाणांत फरक कशाकशात पडतो, ही पहिली. आणि तो फरक आपल्याच शेतात, दोन गुंठ्यांत, घरच्या काट्यावर कसा पाहावा, ही दुसरी.

जमिनीवर वेल, जमिनीत माल

बटाटा हे जमिनीतले खोड आहे. रताळे हे फुगलेले मूळ आहे. लागवडीनंतर वेलाच्या गाडलेल्या डोळ्यांतून मुळ्या फुटतात. त्यांतल्या काही साध्याच राहतात आणि काही साधारण महिन्याभरानंतर जाड होऊ लागतात. पानांनी तयार केलेले अन्न या मुळ्यांत उतरले, की रताळे पोसते. ते अन्न पुन्हा नव्या पानांच्या आणि फांद्यांच्या वाढीतच खर्च झाले, तर वर हिरवेगार रान दिसते आणि खाली बोटाएवढी मुळे सापडतात.

काही वाणांचा स्वभावच वेल वाढवण्याचा असतो. काहींचे वेल आखूड राहतात आणि मुळे लवकर भरतात. त्यात आपण नत्राचा हात सैल सोडला, तर वेल आणखी माजतो. या पिकाला नत्राइतकेच पालाश लागते, हे ध्यानात ठेवावे. वेल माजला म्हणजे पीक चांगले आले, असे बांधावरून ठरवू नये. मात्र वेलाला किंमत नाही असेही नाही. रताळ्याचा वेल जनावरे आवडीने खातात. घरी दुभती जनावरे असतील, तर वेलाचे वजनही हिशेबात धरावे लागेल. आपल्याला खाली माल हवा, की माल आणि वैरण दोन्ही हवे, हे आधी ठरवावे.

नामांकित वाण कोणते?

रताळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आपल्याकडे आले आणि एकादशीच्या ताटात असे बसले, की परके वाटेनासे झाले. त्याच्या सुधारित वाणांचे मोठे काम केरळात तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथील केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेत चालते. ही संस्था १९६३ साली सुरू झाली. 'श्री' या अक्षराने सुरू होणारी नावे ऐकली, की ते वाण तिथले समजावे. 'श्री वर्धिनी' आणि 'श्री नंदिनी' हे सुमारे साडेतीन महिन्यांचे. 'श्री भद्रा' हा तीन महिन्यांचा. या श्री भद्राचा एक वेगळा उपयोग आहे. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी त्याच्या मुळांत शिरतात आणि तिथेच अडकतात, म्हणून सूत्रकृमी झालेल्या जमिनीत तो सापळा पीक म्हणून घेतात. 'श्री कनक' नारिंगी गराचा आहे आणि तीन महिन्यांच्या आत तयार होतो.

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेचे 'पुसा सफेद', 'पुसा लाल' आणि 'पुसा सुनहरी' हे वाण जुने व परिचित आहेत. सुनहरीचा गर नारिंगी छटेचा असतो. आपल्या दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने 'कोकण अश्विनी' हा लवकर येणारा वाण दिला आहे.

केंद्रीय संस्थेचे ओडिशात भुवनेश्वरलाही केंद्र आहे. 'भू सोना' आणि 'भू कृष्णा' हे दोन वाण ओडिशासाठी २०१७ साली प्रसारित झाले. भू सोनाचा गर नारिंगी, भू कृष्णाचा जांभळा. भू सोनाचे उत्पादन हेक्टरी १९.८ टन, म्हणजे एकरी सुमारे ८० क्विंटल सांगितले आहे. भू कृष्णाचे हेक्टरी १८ टन, म्हणजे एकरी सुमारे ७३ क्विंटल. भू कृष्णा खारवट जमीनही बऱ्यापैकी सोसतो.

आता हे आकडे वाचून कोणी म्हणेल, "मग भू सोनाच लावू!" जरा थांबावे. हे आकडे तिकडच्या जमिनीतले आणि तिकडच्या पावसातले आहेत. आपली काळी चिकण जमीन असेल तर मूळ सहज फुगत नाही. वाकडे-तिकडे होते, तडकते. पोयट्याच्या किंवा वाळूमिश्रित निचऱ्याच्या जमिनीत तोच वाण सरळ, गुळगुळीत माल देतो. छापील आकडा वाट दाखवतो. आपल्या शेताचा आकडा आपल्यालाच काढावा लागतो.

दिवसांचा हिशेब

रताळ्याला गिऱ्हाईक बारा महिने असते, पण भाव येतो तो उपवासाला. आषाढी एकादशी, नवरात्र आणि महाशिवरात्र ही तीन मोठी ठिकाणे. त्यांत आषाढीची तारीख इंग्रजी महिन्याप्रमाणे पुढे-मागे सरकते. २०२३ साली आषाढी २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला, तर २०२५ साली ६ जुलैला. म्हणून लागवडीचा दिवस दरवर्षी पंचांग पाहून, मागे मोजत ठरवावा.

२०२५ चेच उदाहरण घ्या. ६ जुलैची एकादशी गाठायची, तर माल १ जुलैच्या सुमारास काढायला हवा. १२० दिवसांचा वाण असेल, तर लागवड ३ मार्चला करावी लागते. ९० दिवसांचा असेल, तर २ एप्रिलला केली तरी चालते. मधला एक महिना म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या पाण्याच्या कितीतरी पाळ्या. शिवाय गहू-हरभरा निघून रान मोकळे व्हायला तेवढी सवड मिळते. विहिरीने तळ गाठायची ज्या गावांत रीत आहे, तिथे हा एक महिना एकरी दहा क्विंटलांपेक्षा मोलाचा ठरू शकतो.

लवकर येणाऱ्या वाणाचा आणखी एक फायदा आहे. रताळ्याचा मोठा वैरी म्हणजे सोंड्या भुंगा. जमीन भेगाळली, की तो भेगेतून आत उतरतो, मुळांत अंडी घालतो आणि अळी गर पोखरते. पोखरलेले रताळे कडू लागते. ते माणसाच्या उपयोगाचे राहत नाही. पीक जमिनीत जितके रेंगाळते, तितका भुंग्याला वेळ मिळतो. म्हणून महिन्याने आणि दोन महिन्यांनी वरंब्याला मातीची भर द्यावी, भेगा बुजवाव्यात, कामगंध सापळे लावावेत आणि माल तयार होताच काढावा. तयार झाला की नाही, हे पाहायला एक रताळे कापून ठेवावे. कापलेल्या जागी आलेला चीक वाळून पांढरटच राहिला, तर माल पक्व समजावा. जागा हिरवट-काळसर पडली, तर थोडे थांबावे.

दोन गुंठ्यांतली तुलना

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. चार वाण निवडावेत. त्यांत एक तुमचा गावठी असलाच पाहिजे, कारण नवा वाण त्याच्यापेक्षा सरस आहे का, हेच तर पाहायचे आहे.

सर्वांत आधी बेण्याची गोष्ट. रताळे वेलापासून लावतात, त्यामुळे मुलगी आईसारखीच निपजते; वाण बदलत नाही. पण वर्षानुवर्षे तेच वेल लावले, की त्यांच्यात विषाणू रोग साठत जातात आणि उत्पादन हळूहळू घटते. तुमच्या शेतातला वीस वर्षांचा थकलेला वेल एका बाजूला आणि संशोधन केंद्रातून आलेला ताजा वेल दुसऱ्या बाजूला, अशी शर्यत लावली तर ती बरोबरीची होत नाही. नवा वाण जिंकला असे वाटते; जिंकलेले असते निरोगी बेणे. म्हणून गावठी वाणाचेही नीट पोसलेले, न किडलेले कंद निवडून, सगळ्या वाणांची रोपवाटिका एकाच वेळी, एकाच जागी करावी. चुरगळलेल्या किंवा ठिपकेदार पानांचे वेल उपटून टाकावेत. पुढे एका एकराची लागवड करायची झाली, तर सुमारे ४० किलो निरोगी कंद अर्ध्या गुंठ्याहून कमी जागेत लावावेत. त्यांचे वेल वाढले, की ते कापून दोन गुंठ्यांच्या दुसऱ्या वाफ्यात वाढवावेत. तेवढे बेणे पुरते.

लागवडीसाठी वेलाच्या शेंड्याकडचे, वीतभराहून थोडे मोठे फाटे घ्यावेत. सगळ्या वाणांचे फाटे सारख्या लांबीचे असावेत. पाल्यासकट एक-दोन दिवस सावलीत ठेवून मग लावावेत. मुळ्या लवकर धरतात. वरंबे ६० सेंटिमीटरवर आणि वेल २० सेंटिमीटरवर ठेवावेत.

मांडणी अशी करावी :

१. प्रत्येक वाणाचा एक तुकडा म्हणजे ७ मीटर लांबीचे ४ वरंबे. एका वरंब्यावर ३५ वेल, तुकड्यात १४०.

२. प्रत्येक वाणाचे असे तीन तुकडे, शेतात तीन वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणजे एका वाणाला ४२० फाटे लागतील. चारही वाणांचे मिळून १२ तुकडे दोन गुंठ्यांत बसतात. पाटाला आणि पायवाटेला थोडी जागा जास्त धरावी.

३. कुठला वाण कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आपल्या आवडीचा वाण पाटाच्या तोंडाशी आणि नावडता बांधाच्या कडेला, असे करू नये. तीन ठिकाणी लावायचे कारणही हेच. शेताचा एक कोपरा ओलसर असतो, एक झाडाच्या सावलीत येतो. तीन ठिकाणची बेरीज केली, की हा फरक बराचसा मिटतो.

४. खत, पाणी, खुरपणी, भर घालणे, वेल उचलणे सगळ्यांना एकाच दिवशी आणि सारखे.

५. कडेचे दोन वरंबे मोजणीत धरू नयेत. कडेच्या वेलाला जागा आणि ऊन जास्त मिळते, तो फसवतो. मधले दोनच वरंबे मोजावेत.

प्रत्येक तुकड्याला वाणाचे नाव लिहिलेली पाटी ठोकावी आणि एक वही फक्त या कामासाठी ठेवावी. शाळेत जाणारी मुले हे काम हौसेने करतात. पंधरा दिवसांनी किती फाटे जगले, ते मोजावे. महिन्याने आणि दोन महिन्यांनी प्रत्येक तुकड्यातल्या पाच वेलांची लांबी दोरीने मोजून लिहावी. जमीन पूर्ण झाकायला किती दिवस लागले, हेही टिपावे. जो वेल लवकर झाकतो, तो खुरपणीचे पैसे वाचवतो.

काढणी एकदाच नको

खरी गंमत काढणीत आहे. सगळा तुकडा एकाच दिवशी खणू नये. ९० व्या, १०५ व्या आणि १२० व्या दिवशी, दर वेळी मधल्या प्रत्येक वरंब्यावरचे १० वेल खणावेत. टोकाचे वेल आणि दोन टप्प्यांमधला एकेक वेल सोडून द्यावा. म्हणजे दर खेपेला एका वाणाचे तीन तुकड्यांतून ६० वेल निघतील. या ६० वेलांची जागा ७.२ चौरस मीटर होते. त्यांच्या मालाच्या किलोंना ५६२ ने गुणले, की एकरी किलो मिळतात.

हिशेब कसा दिसतो, यासाठी एक कल्पित उदाहरण देतो. समजा, पहिल्या वाणाचे तीन खेपांना अनुक्रमे १०, १३ आणि १४ किलो भरले. म्हणजे एकरी ५६, ७३ आणि ७९ क्विंटल. दुसऱ्या वाणाचे ६, ११ आणि १८ किलो भरले. म्हणजे एकरी ३४, ६२ आणि १०१ क्विंटल. आता सरस कोणता? शेवटचा आकडा पाहणारा म्हणेल, दुसरा. पण १०५ दिवसांत बाजार गाठायचा असेल, तर पहिला ११ क्विंटलांनी पुढे आहे. तोच पहिला वाण पुढे पंधरा दिवस ठेवला, तर फक्त ६ क्विंटल वाढतो; तेवढ्यासाठी पाणी देणे आणि भुंग्याला बोलावणे परवडेल का, ते पाहावे. दुसरा वाण मात्र त्याच पंधरवड्यात ३९ क्विंटल वाढतो. त्याला घाईने खणणे म्हणजे पदरचे नुकसान. ही गोष्ट एकाच दिवशी काढणी करणाऱ्याला कधीच कळत नाही.

वजनाच्या पलीकडचे

खणलेल्या मालाचे तीन ढीग करावेत. विक्रीजोगा सरळ माल एका ढिगात. बारीक पण घरी खाण्याजोगा दुसऱ्यात. किडका, तडकलेला, कापला गेलेला तिसऱ्यात. तिन्ही ढीग वेगवेगळे तोलावेत. एकूण वजनात पुढे असलेला वाण विक्रीच्या ढिगात मागे पडतो, असे अनेकदा होते.

मग एक किलो मालाच्या पातळ चकत्या करून, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवाव्यात. २८० ग्रॅम उरल्या, तर शंभरात २८ भाग सुके द्रव्य. भू सोनात ते २७ ते २९ भाग आणि भू कृष्णात २४ ते २५.५ भाग असते. याला इतके महत्त्व का? एकरी १०० क्विंटल देणाऱ्या वाणात २२ भाग सुके असेल, तर हाती २२ क्विंटल सुके येते. ८० क्विंटल देणाऱ्या वाणात ३० भाग असेल, तर २४ क्विंटल. चकत्या किंवा पीठ करणाऱ्याला दुसराच फायद्याचा. पहिल्यात तो पाणी वाहून नेतो. ताजा माल तोलून विकणाऱ्याचे गणित निराळे. म्हणून आपला माल कोठे जाणार, हे अडत्याशी आधी बोलून घ्यावे. उपवासाचे गिऱ्हाईक ओळखीच्या रंगाचे रताळे मागते. जांभळा गर पाहून ते बिचकणार असेल, तर एकरभर जांभळे लावण्यापूर्वी चार पोती विकून पाहावीत.

शेवटची परीक्षा स्वयंपाकघरात आणि ती घरातल्या बायकांनी घ्यावी. चारही वाणांची सारख्या आकाराची रताळी, खूण करून, एकाच पातेल्यात उकडावीत. कोणते लवकर शिजले, कोणते पिठूळ, कोणते धागेदार, कोणत्याला गोडी जास्त, कोणाचा कीस मोकळा झाला, ते वहीत लिहावे. काढल्यावर लगेच एकदा आणि सावलीत आठवडाभर ठेवून पुन्हा एकदा, अशी दोनदा चव घ्यावी. ठेवलेल्या रताळ्यातल्या पिष्टाची साखर होत जाते आणि गोडी वाढते.

नारिंगी रताळे घरासाठी

नारिंगी गराबद्दल दोन शब्द वेगळे सांगायला हवेत. त्या रंगात कॅरोटिन असते आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले, की मुलांना रातांधळेपणा येतो. भू सोनाच्या १०० ग्रॅम गरात १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन असते. पांढऱ्या गरात ते नाममात्र. नारिंगी रताळ्याचे सव्वाशे ग्रॅमचे एक उकडलेले फळ लहान मुलाची दिवसाची अ जीवनसत्त्वाची गरज भागवते. वर थोडे तूप किंवा तेल असावे, म्हणजे ते अंगी लागते. वाळवायचे झाल्यास चकत्या सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात रंग आणि गुण दोन्ही उडतात.

आफ्रिकेत या कामाने मोठा पालट घडवला आणि २०१६ साली मारिया आंद्राद, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बॉईस यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण तिथेही सुरुवातीला अडचण आलीच. नारिंगी रताळे मुलांना आवडले, मोठ्यांना पाणचट वाटले. आणि कोरड्या महिन्यांत वेल मरून पुढच्या हंगामाला बेणेच उरेना. म्हणून दुष्काळ सोसणारे नवे वाण शोधावे लागले आणि २०११ साली मोझांबिकमध्ये असे १५ वाण एकदम दिले गेले. चांगला गुण असलेला वाणसुद्धा शेतात टिकला नाही आणि ताटात रुचला नाही, तर घरात राहत नाही.

तेव्हा सगळे रान एका वाणाखाली घालण्याचे कारण नाही. बाजाराची तारीख गाठणारा एक वाण, जास्त वजन देणारा एक, आणि घरच्या मुलांसाठी नारिंगी गराचे दोन वरंबे, असा मेळ घालता येतो. पण तो कोणत्या नावांचा घालायचा, हे तुमची वहीच सांगेल. एका हंगामाचा निकाल शेवटचा मानू नये. पाऊस बदलला की क्रम बदलतो. दोन हंगाम तोलून पाहावे आणि मगच एकराला हात घालावा. वेलांसाठी आपल्या कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कृषि विद्यापीठाकडे लवकर मागणी नोंदवावी, कारण बेणे वाढवायला दोन-तीन महिने लागतात. आणि वेल आणाल त्या दिवशी, शेतात लावण्याआधी, वहीच्या पहिल्या पानावर वाणाचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या साली शेजारी वेल मागायला आला, की त्याला वेलाबरोबर नावही देता येईल.